स्वयंपाकघराची भिंत आणि एका पत्राचे नऊ आठवडे

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला, 1986 सालची. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, आम्ही पहिल्या मजल्यावर. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संडास वेगळा, बाथरूम वेगळं. आईच्या हातात वॉकर आला तेव्हा कळलं की तो बाथरूमच्या दारातून आत जातच नाही. दार जेमतेम दोन फुटांचं. घराचं काम काढायचं ठरलं ते एवढ्यासाठी. ओपन किचन, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर ओटा हे सगळं मागाहून त्याला चिकटत गेलं.

तीन डिझायनर पाहिले. ज्याची चित्रं सगळ्यात देखणी, त्याला काम दिलं आणि पन्नास हजार आगाऊ दिले. आठ दिवसांत कॉम्प्युटरवरची तीन रंगीत चित्रं आली. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत गायब, तिच्या जागी काळ्या ग्रॅनाइटचा काउंटर. आई चित्र बघून म्हणाली, "छान आहे गं, पण बाथरूम कुठंय?" बाथरूमचं चित्र नव्हतंच. तिथेच मला थांबायला हवं होतं.

सोसायटीत अर्ज दिला. सेक्रेटरी काकांनी वाचला आणि म्हणाले, "भिंत पाडणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र लागेल." मी डिझायनरला फोन केला. तो म्हणाला, "ताई, साधी पार्टिशनची भिंत आहे. अर्ध्या दिवसाचं काम. पत्र मीच देतो."

त्याचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. वर छापलेलं होतं 'आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर'. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच, त्यामुळे आणखी दहा दिवस गेले. मीटिंगमध्ये खजिनदारांनी विचारलं, यांचा नोंदणी क्रमांक काय? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. क्रमांकाची सुरुवात 'सीए'ने होते आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं. खजिनदारांनी तिथेच मोबाइलवर तपासलं. नाव सापडलं नाही. इंटिरियर डिझायनर म्हणून काम करायला अशी कुठलीही कायदेशीर नोंदणी लागत नाही आणि त्यात गैर काही नाही. पुष्कळ जण उत्तम काम करतात. पण मग लेटरहेडवर आर्किटेक्ट कशाला छापायचं? त्या मीटिंगमधून मी मान खाली घालून बाहेर आले.

डिझायनर म्हणाला, माझा एक इंजिनियर मित्र आहे, त्याची सही आणतो. त्यात तीन आठवडे गेले. रोज सकाळी मी मेसेज करायचे, रोज उत्तर 'आज संध्याकाळी'. आई तोवर बदलापूरला माझ्या बहिणीकडे. सामान खोक्यांत बांधलेलं, सुतार दोनदा येऊन परत गेलेला. अखेर पत्र आलं, चार ओळींचं. भिंत काढल्यास इमारतीला धोका नाही, खाली सही. परवाना क्रमांक नाही, पाहणीची तारीख नाही. तारीख कुठून असणार? तो माणूस आमच्या घरात आलाच नव्हता. कमिटीने तेही परत केलं, आणि मी सेक्रेटरी काकांशी जिन्यात भांडले. नंतर त्यांची माफी मागितली, हेही सांगते.

त्या संध्याकाळी डिझायनर म्हणाला, "सोसायटीवाले उगाच अडवतात. रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना पाडून टाकू. पाडल्यावर काय करणार आहेत?" मी इतकी कंटाळले होते की हो म्हणायच्या बेतात होते. त्या भिंतीच्या बरोबर वर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं स्वयंपाकघर आहे, आणि त्यांची दोन मुलं तिथेच जमिनीवर बसून अभ्यास करतात. डिझायनरचं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मग मीच महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर शोधला. फी साडेसात हजार. ते आले, दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. प्लॅस्टरसकट दहा इंच, म्हणजे आतली वीट नऊ इंची. वरच्या बाजूला तीन ठिकाणी प्लॅस्टर खरवडलं. वीट थेट स्लॅबला भिडलेली, मधे बीम नाहीच. वरच्या मजल्यावर जाऊन त्याच जागी तीच भिंत आहे हे पाहून आले. मग विचारलं, "सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट कुठाय?"

काकांनी ऑफिसचं कपाट उघडलं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं, आणि आमच्या सोसायटीने ते केलेलंही होतं. रिपोर्टच्या दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं: इमारत लोड बेअरिंग. म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा नाही, स्लॅबचा भार भिंतींवरच. नऊ आठवडे आम्ही ज्या प्रश्नासाठी झगडत होतो त्याचं उत्तर जिन्याखालच्या कपाटात पडलेलं होतं. डिझायनरने ते मागितलं नाही, कमिटीने काढून दाखवलं नाही, आणि असा कागद असतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी खरंच रडले.

म्हणून जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं: टाइल्सचा रंग ठरवायच्या आधी सोसायटीकडे ऑडिट रिपोर्ट आणि मंजूर नकाशा मागा. एकही भिंत हलवायची असेल तर पहिला माणूस स्ट्रक्चरल इंजिनियर, त्यानंतर आर्किटेक्ट किंवा डिझायनर. भिंती जशाच्या तशा ठेवून फक्त फर्निचर आणि रंग करायचा असेल तर चांगला इंटिरियर डिझायनर पुरेसा आहे.

स्वयंपाकघराची भिंत राहिली. पण इंजिनियर जाता जाता म्हणाले की संडास-बाथरूममधली भिंत साडेचार इंची आहे, तिच्यावर स्लॅबचा भार नाही, ती काढता येईल. फक्त तिच्यावर टेकलेला माळा आणि माळ्यावरची तीनशे लिटरची पाण्याची टाकी आधी उतरवा. टाकी भरली की तीनशे किलोच्या वर वजन. त्या टाकीचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

पुढचं काम एका नोंदणीकृत आर्किटेक्ट बाईंना दिलं आणि ते सरळ पार पडलं. त्यांनी पहिल्या दिवशी एकही चित्र दाखवलं नाही, टेप घेऊन तीन तास मापं घेतली आणि आईला वॉकरसकट चालायला लावलं. फी एकरकमी, चार टप्प्यांत: मापांचा नकाशा, प्लंबिंग आणि वायरिंगचे नकाशे, काम सुरू, काम पूर्ण. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन वेगळं. पहिल्या डिझायनरच्या कोटेशनमध्ये नुसतं '19 एमएम प्लाय' लिहिलेलं होतं. या बाईंच्या कागदावर भारतीय मानकाच्या क्रमांकासकट सिंकखाली आयएस 710 चा मरीन प्लाय, इतरत्र आयएस 303 चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय, असं स्पष्ट होतं. प्लाय आला की प्रत्येक शीटवरचा शिक्का स्वतः वाचा.

सोसायटीची परवानगी कोण आणणार हे करारात आधीच लिहून घ्या, हे वरच सांगायला हवं होतं. आणि कुणाचं जुनं काम बघायला जाल तर निदान दोन पावसाळे झालेलं घर बघा.

बाथरूमला वॉटरप्रूफिंग झाल्यावर 48 तास पाणी भरून ठेवलं आणि मी दर काही तासांनी तळमजल्यावरच्या काकूंच्या छताला हात लावून येत होते. कोरडं राहिलं. दार आता पावणेतीन फुटांचं आहे. पहिल्या डिझायनरकडून पन्नासपैकी वीस हजार परत मिळाले, बाकीचे मी मागते आहे. आई पाडव्याला घरी आली आणि दार न धरता वॉकर घेऊन आत गेली.