बुलेटचा कंडेन्सर

रविवार, रात्री

गाडी थंड असली की तिच्यासारखी गुणी दुसरी नाही. एका किकला चालू, स्लोला एकसारखी. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट अर्धा चढला की मात्र मिसिंग, म्हणजे मधेमधे न पेटणं, सुरू, सायलेन्सरमधून एखादा बार, आणि मग गप्प. कडेला लावून जरा थांबलं की पुन्हा जणू काही झालंच नाही. ज्याला दाखवली त्याने कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, पैसे घेतले. थंड गाडी त्याच्या दारात नीटच चालणार, तो तरी काय बघणार!

पेट्रोलचा दोष सहसा असा तापायची वाट बघत बसत नाही. गरम झाल्यावरच करंट जातो म्हटल्यावर संशयित दोनच, ठिणगीचे व्होल्ट बनवणारी कॉइल नाहीतर तिच्या जोडीचा कंडेन्सर. दोन्हींच्या पोटात गुंडाळ्या आणि त्यांच्यामधलं इन्सुलेशन. ते थंडपणी सांभाळून घेतं आणि तापलं की दगा देतं. कंडेन्सर स्वस्त, म्हणून लोक आधी तोच बदलून टाकतात. मला मात्र बदलण्याआधी बघायचं होतं.

म्हणून संध्याकाळी मुद्दाम घाटात नेली. मिसिंग सुरू होताच वळवली, पार्किंगमध्ये मोठ्या स्टँडला लावली. इंजिन चालूच ठेवलं, दिवा घालवला आणि पॉइंटचं, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बारक्या स्विचचं, झाकण काढलं. कंडेन्सर चांगला असेल तर पॉइंटमध्ये बारीक निळी ठिणगी दिसते, कधी दिसतही नाही. इथे दर उघडझापीला पिवळट पांढरा जाळ. वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना दिसतो तसा, फक्त तांदळाच्या दाण्याएवढा.

पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेतून वाहतो आणि आत चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की ते एकदम कोसळतं, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्लगपुरते हजारो व्होल्ट तयार होतात. पण वाहता करंट सहजासहजी थांबत नाही, उघडणाऱ्या पॉइंटमधूनही उडी मारायला बघतो. त्याला क्षणभर दुसरीकडे जागा करून देणं हे कंडेन्सरचं काम. कुवत म्हणाल तर जेमतेम 0.2 मायक्रोफॅरड. ती जागा गेली की सगळा जोर पॉइंटवरच जळतो. प्लग काढून हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी पिवळी, मिणमिणती.

इंजिन गरम आहे तोवरच जुना कंडेन्सर सोडवला आणि डब्यातला एक चालता कंडेन्सर जोडला. बॉडीला अर्थ पक्की मिळाली पाहिजे, नाहीतर नवा लावूनही उपयोग शून्य. चालू केली. जाळ गायब! कॉइल बिचारी निर्दोष सुटली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचा पोरगा खाली आला. "काका, कशाला कुटाणा करताय? इलेक्ट्रॉनिक किट बसवा की." त्याचं चूक नाही. किटला झीज नाही, पॉइंटमधला गॅप लावणं नाही, ठिणगीही दमदार. अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंगने 1910 च्या आसपास मोटारीला बसवलेली ही पॉइंट-कॉइलची पद्धत, माझ्या गाडीला ती 1991 मध्येही तशीच मिळाली, म्हणजे जुनाट तर आहेच. पण किट रस्त्यात गेलं तर उघडून बघण्यासारखं आत काही नसतं. पॉइंटचा आजार डोळ्यांना दिसतो. पोराला ते पटलं नाही, पण टॉर्च धरायला थांबला.

पॉइंट खराब झालेच होते. एकावर उंचवटा, समोरच्यावर खड्डा. बारीक कानशीने सपाट केले. पॉलिश पेपर मी वापरत नाही, त्याची रेती आत रुतते आणि पुन्हा जळायला सुरुवात. मग पेट्रोल लावून, शेवटी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी मधून ओढली. कागद काळा यायचा थांबेपर्यंत ओढायची. गॅप 0.35 ते 0.40 मिमी. गॅप मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, अडकूही नये, सैलही जाऊ नये.

गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललंच. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि किक उलटी बसते, कमी झाला तर गाडी उशिरा पेटते आणि तापते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. प्लग काढला, टॉप गिअर टाकला, मागचं चाक हाताने फिरवलं. दोन्ही टॅपेट रॉड बोटाने फिरायला लागले की कॉम्प्रेशनचा टॉप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन वर. प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून पिस्टन टॉपच्या 0.8 मिमी अलीकडे आणला. आधी चाक थोडं जास्त मागे घ्यायचं आणि मग पुढे आणायचं, म्हणजे चेनचा ढिलेपणा निघतो.

आता अँमीटर, गाडीवरचं करंट दाखवणारं मीटर. चावी लावली की पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो. क्लॅम्प सैल करून पॉइंटचं घर अगदी हळू फिरवायचं, काटा मध्यावर उडी मारतो तिथे पॉइंट उघडले. तिथेच कसायचं. मल्टिमीटर नाही, स्ट्रोब लाइट नाही. मात्र रमतगमत करायचं हे काम नव्हे, पॉइंट मिटलेले ठेवून चावी चालू राहिली तर कॉइल तापून मरते.

सोमवार

ऑफिसवरून आल्यावर घाट चढून कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन आलो. मिसिंग नाही. मुद्दाम गरम बंद केली, लगेच किक मारली, एका किकला चालू.

डब्यातला जुना स्पेअर कामी आला, म्हणून परतताना दुकानात नवा मागितला. दोन निघाले. एक हातात हलका आणि त्याची वायर बुडापाशी हलत होती, तो परत दिला. दुसरा घेतला. खराब झालेला घरी आल्याआल्या कचऱ्यात टाकला. तो डब्यात राहिला असता तर कधीतरी घाटात स्पेअर म्हणून तोच हाताला लागला असता.