नळ सोडून चाळीस मिनिटं

ओटावाच्या हॉटेलात पहिल्या रात्री मी चाळीस मिनिटं आंघोळ केली. शेवटी नवऱ्याने दार वाजवलं, "वाहून गेलीस का काय?"

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांना यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. तर गेल्या सप्टेंबरपासून आम्ही इकालुइटला राहतोय. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी म्हणायची, पण वस्ती साडेसात हजारांच्या आतबाहेर, आणि गावातून बाहेर जाणारा एकही रस्ता नाही. माणसं विमानाने येतात, जड सामान जहाजाने, तेही समुद्रावरचा बर्फ हटला की उन्हाळ्यातले तीन-चार महिने. जमीन खालून बारमाही गोठलेली, त्यामुळे नळाचे पाइप टाकणं महाखर्चिक काम. गावाच्या काही भागात पाणी गरम करून पाइपांतून सतत फिरतं ठेवतात. उरलेल्यांकडे टँकर येतो. आम्ही उरलेल्यांत.

हो, टँकर. आणि मी लातूरची. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं, त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लागलं होतं. त्या गावची पोरगी सात समुद्र ओलांडून पुन्हा टँकरची वाट बघते, हे आईच्या पचनी पडत नाही. "तिथं बी टँकरच? मग जाऊन काय मिळवलंस गं?"

मिळवलं ते महिन्याच्या महिन्याला पुण्याच्या फ्लॅटच्या हप्त्यात जातंय, पण ते असो. शिवाय लातूरशी तुलनाच नको. इथे रांग नाही, घागरींची आदळआपट नाही. उणे तीस तापमानात ड्रायव्हर खाली उतरतो, जाडजूड पाइप ओढत आणतो आणि बाहेरूनच टाकी भरून जातो. आपण खिडकीतून हात हलवायचा.

अडचण आहे ती दुसऱ्या टाकीची. वापरलेलं पाणीही घराखालच्या टाकीतच साठतं आणि ते उपसायला वेगळी गाडी येते. ती टाकी भरली की पंप आपोआप बंद. म्हणजे प्यायच्या टाकीत पाणी आहे, डोक्याला शाम्पू आहे, आणि नळ कोरडा! हिमवादळ असेल तर दोन्ही गाड्या येत नाहीत. जानेवारीत एकदा मी तशीच टॉवेल गुंडाळून तासभर बसले होते. लातूरला पाणी संपायचं, हे तरी कळायचं. असलेलं पाणी वापरता येत नाही, हे काही मला अजून झेपत नाही.

तर मे महिन्यात सुट्टी काढून ओटावाला आलो. विमानाने तीन तास. टोराँटोचे मित्र या शहराला झोपाळू सरकारी गाव म्हणतात. म्हणोत. दहा लाखांचं शहर आहे, आणि विमानतळाबाहेर पडल्यावर मला आधी काय दिसलं असेल तर झाडं. पालवी फुटलेली. आठ महिन्यांत मी एकही झाड पाहिलेलं नव्हतं, इकालुइटला झाडं उगवतच नाहीत. ट्यूलिपचा उत्सव चालू होता, लोक फुलांचे फोटो काढत होते आणि मी एका साध्या मेपलच्या बुंध्याला हात लावून उभी. डोसा, सिनेमा, रात्री दहाला उघडं दुकान, हे सगळं झालं. पण रोज संध्याकाळी मला ओढ लागायची ती त्या शॉवरची.

गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी साबण लावताना मी आपसूक नळ बंद केला. कान पंपाच्या घरघरीकडे लागलेले, आणि घरघर तर नाहीच. त्या शांततेने उलट धास्तीच वाटली.

मग एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो. नळ धो धो सोडून ती भांडी विसळत होती, गप्पा मारत होती. मी पुढे होऊन नळ बंद केला. तिने पाहिलं. "अगं, इथे भरपूर आहे पाणी." मी म्हटलं, "आमच्याकडे नाही." तिला वाटलं, मी लातूरबद्दल बोलतेय. मलाही क्षणभर नीट ठरवता आलं नाही. पुढचा अर्धा तास मात्र मी इकालुइटची वकिली केली. शेजारच्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, आजींनी आम्ही आल्या आठवड्यातच घरी आणून दिलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा, कुणाचीही गाडी बर्फात अडकली की न बोलावता थांबणारी माणसं. फ्लॅटचा हप्ता सोडून सगळं सांगितलं. नवरा ताटात बघत हसत होता.

परतताना बॅगेत कोथिंबिरीच्या सहा जुड्या, ओल्या कागदात गुंडाळून. इकालुइटची किंमत सांगितली तर आईला चक्कर येईल. अर्धी जुडी आजींना नेऊन दिली. त्यांनी वास घेतला, "साबण?" म्हणाल्या, आणि हसत परत केली.

आई कोथिंबीर तीन पाण्यांतून काढते. मी एकाच पातेल्यात धुतली, आणि मातकट पाणी सिंकमध्ये न ओतता फरशी पुसायला बादलीत ठेवलं.