वाफसा बघून लावलेला डाव

रविवारी सकाळी आबांचा फोन येतो. पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो. "पाऊस पडायलाय का तिकडं?" इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये मला चौथं वर्ष चालू आहे आणि या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मी फार कमी वेळा दिलंय. मग ते परभणीकडचं सांगतात. ढग नुसते येऊन जायलेत, नाहीतर रानात पाय ठेवता येईना.

आमचं रान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आठ दिवस झड लागली की चप्पल तिथंच सोडून बाहेर यावं लागतं. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस माती जमते: मूठभर घेतली तर गोळा होतो, टाकला तर फुटतो. तो वाफसा. इथल्या ऑफिसातल्या लोकांना हा शब्द समजावताना माझी नेहमी दमछाक व्हायची. मग त्यांनीच मला नेव्हस्मायरला नेलं.

नेव्हस्मायर म्हणजे यॉर्कचं रेसकोर्स. माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटं. एरवी तिथं लोक कुत्री फिरवतात. 1739 साली डिक टर्पिन नावाच्या दरोडेखोराला इथंच फासावर दिलं होतं, पण ते असो. नावातल्या 'मायर'चा अर्थच चिखल. एका सकाळी पाहिलं तर एक माणूस गवतात काठी खुपसत, ओढत, दोन पावलं पुढे जात होता. मला वाटलं आबाच आलेत!

ती साधी काठी नव्हती, गोइंगस्टिक होती. जमिनीत घुसायला किती जोर लागतो आणि मग ती 45 अंशांपर्यंत मागे ओढताना माती किती धरून ठेवते, हे दोन्ही मोजून ती एक आकडा देते. आकडा मोठा तर जमीन कडक. अट एवढीच की एका मैदानाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. न्यूमार्केटच्या रेसकोर्सखाली चुनखडी आहे, पाणी झरझर मुरतं. इथं चिकणमाती. आपल्याकडे तरी मुरमाड रानाचा वाफसा आणि काळ्या रानाचा वाफसा एकाच दिवशी कुठं येतो? पुण्याच्या शर्यती तर ऐन पावसाळ्यात असतात. तिथंही पेनेट्रोमीटर नावाच्या यंत्रानं जमीन मोजतात.

आकड्याबरोबर जाहीर होतात ते शब्द, कडकपासून मऊपर्यंत: फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. शेवटचं म्हणजे आपलं चिबड. सपाट शर्यतींसाठी, म्हणजे उड्या नसलेल्या, 'गुड टू फर्म' ठेवायचा प्रयत्न असतो. त्याहून कडक झाली तर घोड्यांचे पाय जातात, म्हणून कोरड्या आठवड्यात मैदानाला चक्क पाणी देतात. पाणी दिलं आणि वरून पाऊसही आला की मग शिव्या खायला मैदानाचा अधिकारी असतोच. आमच्याकडं रात्रीच्या लाइटीवर मोटर चालू करावी आणि पहाटे आभाळ फुटावं, तसंच.

घोड्याघोड्याचं रान वेगळं असतं. जो पाय जमिनीलगत सरपटत टाकतो, तो कडक मैदानावर वाऱ्यासारखा पळतो आणि चिखलात त्याचा पाय निसटतो. गुडघा उंच उचलून, मोठा खूर आपटत पळणारा मऊ जमिनीवर टिकतो. चिखलात अंतर तेवढंच असलं तरी दम दुप्पट लागतो. आबा तरुणपणी माळेगावच्या जत्रेत घोडे बघायला जायचे. तिथं अंगावरचे भोवरे बघतात, त्यातही देवमण हा शुभ भोवरा बघतात. इथले जाणकार खूर बघतात आणि बाप बघतात. अमक्याची पोरं ओल्यात चांगली पळतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पाऊस फारच झाला तर सगळंच बंद. 2008 साली ऑगस्टमधला यॉर्कचा शर्यतींचा अख्खा एबॉर महोत्सव पाण्यात गेला. 2019 च्या ऑक्टोबरात अ‍ॅस्कटला मोठ्या शर्यतींचा दिवस होता, तेव्हा वळणाच्या मैदानावरच्या शर्यती आतल्या, एरवी अडथळ्यांच्या शर्यतींसाठी असलेल्या पट्ट्यावर न्याव्या लागल्या.

आता पैशांचं. लपवत नाही, मीही लावतो, पाच-दहा पौंड. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, शेतकऱ्याच्या पोराला माती कळते, इथल्या पोरांना काय कळणार? एका कडक जमिनीच्या घोड्यावर संध्याकाळी पाच पौंड लावले. रात्रभर पाऊस पडला. घोडा शेवटून दुसरा आला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पावसाचा अंदाज मी वाचायच्या आधी बुकीनं वाचलेला असतो आणि भाव तेव्हाच हललेला असतो. मुरलेले लोक जाहीर शब्दावर जात नाहीत. पहिली शर्यत पैसे न लावता बघतात, तिला किती सेकंद लागले ते ताडतात, जॉकी उतरल्यावर काय बोलतो ते ऐकतात. शिवाय घोडे मैदानाच्या कोणत्या कडेनं पळायलेत तेही बघतात, कारण एक कड तुडवून मऊ झालेली असते आणि दुसरी ताजी.

मागच्या उन्हाळ्यात मात्र जमलं. ओल्यात पळणारा एक घोडा हेरला, आदल्या दिवशी सहाला एक असा भाव, म्हणजे पौंडाला सहा पौंड नफा. 10 पौंड लावले. पाऊस आला, घोडा पहिला. मी मनात 60 पौंड नफा मोजून ठेवला. दुकानात गेलो तर हातात मुद्दल 10 आणि नफा 42.

झालं होतं असं की जमीन मऊ झाली म्हणून ज्याचा भाव दोनाला एक होता, त्या फेव्हरिटला, म्हणजे सगळ्यांत कमी भावाच्या घोड्याला, मालकानं सकाळी काढून घेतलं. त्याच्यावर लावलेल्यांचे पैसे परत. पण तगडा गडी गेल्यामुळे बाकीच्यांना सोपं झालं, म्हणून त्यांच्या नफ्यातून कपात. 'रूल फोर' म्हणतात त्याला. दोनाला एक भावाचा घोडा गेला तर पौंडामागे 30 पेन्स. काढलेल्या घोड्याचा भाव 14 ला एकहून मोठा असता तर एक पैसा कापला नसता. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं तर आणखीच. त्यानं 'जागेवर' लावले होते, म्हणजे घोडा पहिला नाही आला तरी वरच्या काहींत आला की पैसे. आठ घोड्यांत तिसऱ्यापर्यंत जागा धरतात. सात उरल्यावर दोनच. त्याचा घोडा तिसरा आला होता.

रविवारी आबांना सगळं सांगितलं. पैसे लावतो हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "न पळलेल्या घोड्याचे पैसे वापस देतेत?"

"देतात."

"अन् आपलं बियाणं?" मागच्या वर्षी दुबार पेरणी झाली होती. मी काही बोललो नाही.

"बरं, ते अठरा कशाचे कापले म्हन्लास?"

मी पुन्हा समजावायला लागलो, फेव्हरिट, भाव, पौंडामागे पेन्स. त्यांनी मधेच थांबवलं.

"म्हंजे ओल लागली म्हून कटती. मोंढ्यात सोयाबीनला लावतेत तशी. सरळ सांग की मग."