तुम्ही विचारलंत म्हणून: मेमधला बर्फ का नको

"आईबाबांनी जन्मात बर्फ बघितला नाही, पोरांनाही सुट्टी आहे, मग मेमध्ये मनालीला तुम्ही नको का म्हणता?" बेळगाव, खानापूर, निपाणी, फोन कुठूनही येवो, प्रश्न हाच. वर ऐकवतात की तुम्हाला दुसऱ्याची हौस बघवत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मे का, हे आपल्या भागात कुणाला समजावायला नको. आपल्या कर्नाटकातल्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला, कोल्हापूर-गडहिंग्लजच्या भाचरांची दिवाळीला. दोन्हीकडची पोरं एकदम मोकळी सापडतात ती मेमध्येच. मीही पूर्वी याच हिशेबाने मे सुचवत होते आणि तो हिशेब आजही खोटा नाही. पण बर्फाला आपल्या सुट्ट्यांशी काय देणंघेणं?

जानेवारी-फेब्रुवारीत तो खाली उतरलेला असतो. मनालीजवळचं सोलंग सुमारे 2,500 मीटरवर, काश्मीरमधलं गुलमर्ग 2,650 वर. गाडीतून उतरलं की पायाखाली बर्फ. मे येईतो तो वितळत वितळत वर सरकतो. मग उरतं काय, तर मनालीच्या वरचा 3,978 मीटरवरचा रोहतांग घाट, नाहीतर गुलमर्गच्या गोंडोल्याचा (रोपवेचा) दुसरा टप्पा, तोही जवळपास तेवढाच उंच. म्हणजे मेमध्ये बर्फ बघायचा तर चार हजार मीटर गाठायचे. बेळगाव साडेसातशे मीटरवर. रोहतांगला एका श्वासात जो प्राणवायू मिळतो तो आपल्या इथल्या जेमतेम दोन-तृतीयांश.

आकडे सांगितले की लोक माना डोलावतात आणि तिकीट काढतात. म्हणून एका घरचं सांगते, नाव-गाव नको.

आजी सत्तरीच्या पुढच्या, बीपीची गोळी चालू. रात्रभर बसमध्ये बसून मनालीला पोचले आणि दुसऱ्या पहाटे चारला रोहतांगकडे निघाले, कारण परवाना त्याच दिवसाचा मिळाला होता आणि मंगळवारी घाट बंद. मनाली 2,050 मीटरवर. म्हणजे काही तासांत जवळजवळ दोन हजार मीटर चढ. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून आजींनी पाणी तोडलं. गोळी लघवी वाढवणारी, पोटात फक्त दोन बिस्किटं. वर पोचल्यावर भाड्याचा कोट घातला, भाड्याचे गमबूट घातले, पण खाली सुती साडी. साडीचा काठ बर्फावर लोळला आणि दिव्याची वात तेल ओढते तसं पाणी वर ओढत गेला. अर्ध्या तासात पोटऱ्यांपर्यंत ओलं. पोरं बर्फात लोळत होती, फोटो चालू होते. आजी गाडीत जाऊन गप्प बसल्या.

गप्प बसल्या, इथेच सगळं चुकतं. सगळे म्हणाले, थंडी वाजत असेल, चहा द्या. डोकं दुखतंय म्हणाल्या, तेव्हा "काय होत नाही बघा, पाचच मिनिटं" असं उत्तर मिळालं. मग उलटी झाली. उतरून चार पावलं टाकायला गेल्या तर तोल जाऊ लागला. ओठ निळसर दिसायला लागल्यावर कुणीतरी प्राणवायूचा डबा विकत आणला. दहा लिटरचा डबा, मिनिटाला दोन लिटर धरले तर पाच मिनिटांत संपतो. आणि खाली उतरायचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला. घाटाखालच्या मढीपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते त्या घरातली माणसं अजून नीट सांगू शकत नाहीत. खाली आल्यावर श्वास हळूहळू सुधारला. त्या वाचल्या. पण बर्फ कसा होता, हे त्यांना आजही आठवत नाही.

म्हणून सांगते: वर गेल्यावर डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं यातलं काही दिसलं की चढ थांबवायचा. चालताना तोल जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय तर लगेच खाली. चहा, ब्लँकेट, डबा यातलं काहीच उतरण्याची जागा घेत नाही. गोळ्यांबद्दल घरच्या डॉक्टरांना निघायच्या आठवडाभर आधी विचारा, विशेषतः बीपी, दमा, हृदयविकार असेल तर. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळीही स्वतःच्या मनाने नको. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही.

मग जानेवारी. आठवडाभर शाळा बुडते, मान्य. शिवाय बर्फाची खात्री तेव्हाही नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गची मैदानं महिनाअखेरपर्यंत जवळजवळ कोरडी होती. त्यापेक्षा फेब्रुवारी बरा, असं माझं मत; भांडायचं असेल तर भांडा. काश्मीरला जाणार असाल तर प्रीपेड सिम तिथे चालत नाही. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड हवा.

कपड्यांचं: अंगाला लागून सुती बनियन नको, घामाने ओला होतो आणि ओलाच राहतो. आधी थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी न झिरपणारं जाकीट. आजी साडीच नेसणार असतील तर भांडू नका. आत थर्मल पायजमा, साडी घोट्याच्या चार बोटं वर, मग लोकरी मोजे आणि बूट. भाड्याचे बूट घालण्याआधी आत हात घाला; आधीच्या गिऱ्हाइकाने ओले केलेले असतात. एक माप मोठेच घ्या, घट्ट बुटात बोटं लवकर गारठतात. मोज्यांची कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. लोकरी हातमोजे बर्फाचा पहिला गोळा करतानाच भिजतात, पोरांना वरून रेनकोटच्या कापडाचे घाला. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. गॉगल नसेल तर डोळे तेव्हा नाही, रात्री चुरचुरतात. सनस्क्रीन क्रीम हनुवटीच्या खालीसुद्धा लावा.

एवढं वाचूनही मेमध्येच जाणार असाल तर मनालीत निदान दोन रात्री काढा, मग वर चढा. आजी-आजोबांना सोलंगलाच थांबवा, त्यांच्यासोबत घरातलं एक माणूस आणि वेगळी गाडी ठेवा. कोण थांबणार ते बेळगावात, घरीच ठरवा. घाटात पोचल्यावर "मी राहतो खाली" असं कुणी म्हणत नाही. आणि ज्यांच्या घरी दहावीचं पोर आहे त्यांनी फेब्रुवारी कसा जमवायचा, याला माझ्याकडेही उत्तर नाही.