सहा-सात-आठ आणि सोशल सायकॉलॉजी

टूर मॅनेजरच्या लाइनमध्ये असताना एमए करायला घेतलं, तेही सायकॉलॉजीत, इग्नूमधून, तर घरच्यांचा पहिला प्रश्न होता की आता काउन्सिलर होणार का. नाही होणार. युरोपच्या ग्रुप टूर करते, सीझन संपला की अभ्यास, असं चाललंय. बाकीचे पेपर खरं सांगायचं तर पास होण्यापुरते वाचले, पण सोशल सायकॉलॉजी हातात आलं आणि वाटलं, अरे हे तर आपल्या बसबद्दलच लिहिलंय. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस, आणि त्या बसमध्ये एकमेकांना कधी न भेटलेली चाळीसेक माणसं, आजी-आजोबांपासून हनिमूनवाल्यांपर्यंत. यापेक्षा चांगली लॅब कुठली मिळणार.

आणि गंमत म्हणजे या विषयातला एक गाजलेला जुना अभ्यास अक्षरशः प्रवासातच झालेला आहे. रिचर्ड लापिएर नावाचा स्टॅनफर्डचा प्राध्यापक १९३० ते ३२ च्या दरम्यान एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर गाडीने फिरला. तेव्हा तिकडे चिनी लोकांबद्दल भयंकर राग होता, पण हॉटेलं, लॉज, रेस्टॉरंटं मिळून २५१ ठिकाणी गेले आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. मग साधारण सहा महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्रं पाठवली, चिनी गिऱ्हाईक घ्याल का म्हणून. १२८ उत्तरं आली आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी चक्क नाही म्हणून कळवलं! १९३४ साली हे छापून आलं आणि तेव्हापासून माणूस बोलतो काय आणि वागतो काय यावर वाद चालूच आहे. त्यावर टीका पण झाली, की पत्राला उत्तर देणारा मालक वेगळा आणि काउंटरवरचा माणूस वेगळा असेल, शिवाय जोडप्याबरोबर गोरा प्रोफेसर उभा होता ना. बरोबर आहे. पण मुद्दा मला पटतो कारण प्री-टूर मीटिंगला हेच होतं. "आमचं जेवणाचं काही नाही हो, आम्ही सगळं खातो" असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारे काका दोन-तीन दिवसांत हळूच येऊन विचारतात की ताई, उद्या वरण-भात असेल का कुठे, आणि ज्या आजींनी फॉर्मवर लाल पेनाने "चीज चालणार नाही" लिहिलेलं असतं त्या नातवाच्या ताटातला पिझ्झा मस्त संपवतात. म्हणून मी फॉर्म वाचते पण त्यावर विसंबत नाही, पहिल्या दिवशी बुफेत कोण कुठे रेंगाळतंय ते बघते.

बुफेचा विषय निघालाच आहे तर तो नाजूक विषय पण बोलून टाकूया. नाश्त्याच्या टेबलावरून केळी, ब्रेड, उकडलेली अंडी टिश्यूत बांधून पर्समध्ये. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलने खास भारतीय गेस्टसाठी लावलेली नियमांची नोटीस व्हायरल झाली होती, आठवत असेल, केवढा संताप झाला होता आणि तो योग्यच होता, कारण असं करणारे फक्त आपणच असतो असं अजिबात नाही. पण आमच्या लाइनमध्ये माइकवर काय बोलतात माहितीये? "प्रत्येक ग्रुपमध्ये बरेच लोक नाश्त्याचं सामान उचलतात, प्लीज असं करू नका." आता हे वाक्य चाल्डिनीने ऐकलं तर डोक्याला हात लावेल.

रॉबर्ट चाल्डिनी म्हणजे या विषयातला मोठा माणूस. अ‍ॅरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा दगड झालेला आहे आणि पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. चाल्डिनी आणि त्याच्या लोकांनी पायवाटेवर खुणा केलेले तुकडे टाकले आणि वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय असा की आधी आलेल्या अनेकांनी तुकडे नेले त्यामुळे जंगलाचं रूप बदललंय, आणि दुसरी साधी, कृपया तुकडे नेऊ नका. पहिल्या पाटीच्या वेळी ७.९२ टक्के तुकडे गेले, दुसरीच्या वेळी १.६७. म्हणजे "सगळे चोरतात" हे सांगितलं की माणूस ऐकतो काय, तर सगळे चोरतात, मग मीच का मागे राहू. हेच उलटं वापरलं की उपयोग होतो. हॉटेलच्या बाथरूममध्ये टॉवेल पुन्हा वापरा म्हणून कार्ड असतं ना, त्यावर २००८ साली याच मंडळींचा पेपर आला. पर्यावरण वाचवा असं लिहिलं तर ३५ टक्के लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला, इथले बहुतेक गेस्ट पुन्हा वापरतात असं लिहिलं तर ४४ टक्क्यांनी, आणि दुसऱ्या प्रयोगात याच खोलीत राहिलेले बहुतेक गेस्ट असं लिहिलं तर ४९ टक्क्यांनी. याच खोलीत! त्या खोलीत कोण राहून गेलं काय माहिती, तरी फरक पडतो.

तर मी माइकवरचं वाक्य बदललं. आता म्हणते, आज सकाळी आपल्या बसमधल्या बहुतेकांनी टेबलावरच आरामात नाश्ता केला, थँक्यू, दुपारचं खाणं अमुक वाजता आहे. खरं असेल तेव्हाच म्हणते, खोटं सांगत नाही. आणि दुपारचं खाणं किती वाजता ते कळलं की अर्धी केळी आपोआप वाचतात कारण लोकांना खरी भीती उपाशी राहायचीच असते. माझी मैत्रीण म्हणते ही मॅनिप्युलेशन आहे. असेल थोडी, पण माइकवरून चाळीस जणांना चोर ठरवण्यापेक्षा बरी.

सीट रोटेशन हा मात्र वेगळाच अध्याय आहे. रोज प्रत्येकाची जागा बदलते म्हणजे पुढच्या सीटवरून भांडण नको, तरी भांडण होतंच, आणि मोठ्या डिपार्चरला दोन बस असल्या तर मग विचारूच नका. एका रात्रीत "आमची बस" तयार होते. तुमच्या बसला खिडकीजवळची टेबलं मिळाली, आम्हाला का नाही. हेन्री ताज्फेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना असल्याच फुटकळ कारणावरून गटांत वाटलं होतं, म्हणजे क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली एवढ्यावरून (आणि ती वाटणीसुद्धा प्रत्यक्षात नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती), तर मुलं आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळायला हवं असं पैसे वाटायला लागली. बस नंबर एक आणि बस नंबर दोनमध्ये तर पैसे भरून आलेली शहाणी माणसं असतात, फरक शून्य.

यावर औषध पण आहे, सगळ्यांनी मिळून एकाच अडचणीत सापडणं, फक्त ते आयटिनररीत छापता येत नाही. मुझफर शेरीफने १९५४ साली ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह पार्कमधल्या समर कॅम्पमध्ये मुलांचे दोन गट करून आधी त्यांच्यात हाडवैर लावलं आणि मग पाणी बंद पाडलं, जेवण आणायच्या ट्रकचं इंजिन बंद पडल्याचं नाटक केलं, आणि मुलांनी रस्सीखेचीचा दोर बांधून ट्रक एकत्र ओढला. (आज कोणती एथिक्स कमिटी याला परवानगी देईल? असो.) माझ्या अनुभवात ज्या टूरवर सगळं वेळेवर आणि छान झालं ती लोक पटकन विसरतात, आणि ज्या टूरवर बर्फामुळे ट्रेन बंद पडून सगळे एका स्टेशनवर अडकले, कोणी चिवडा काढला, कोणी बाकरवडी काढली, त्या ग्रुपचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे आणि गुड मॉर्निंगने माझा फोन भरतो.

आठवणीचं तर १९९७ मध्ये मिचेल, थॉम्पसन वगैरेंनी दाखवलंच आहे. त्यांनी युरोपची टूर, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आणि कॅलिफोर्नियातली सायकल सफर, असे तीन अनुभव घेणाऱ्यांना आधी, मध्ये आणि नंतर विचारलं. जाण्याआधी उत्साह, मध्ये पाऊस-पाय-पोट, आणि घरी आल्यावर पुन्हा सगळं गोड. म्हणून मधल्या दिवशीची तक्रार मी ऐकते, सोडवते, पण मनाला लावून घेत नाही.

एक गोष्ट मला या अभ्यासक्रमात खटकते, ती म्हणजे उदाहरणं बहुतेक अमेरिका-युरोपची. म्हणून प्रयागच्या माघ मेळ्यावरचं काम वाचताना फार बरं वाटलं. स्टीफन रायशर, निक हॉपकिन्स आणि त्यांच्याबरोबर इथल्या संशोधकांनी कल्पवासींचा अभ्यास केला, म्हणजे महिनाभर नदीकाठी तंबूत राहणारे लोक, कडाक्याची थंडी, रात्रंदिवस लाउडस्पीकर, पहाटेची गार पाण्यातली आंघोळ. घरी राहिलेल्यांच्या तुलनेत यांची तब्येत आणि मन मेळ्यानंतर जास्त चांगलं निघालं, आणि आपण सगळे एक आहोत या भावनेचा त्यात मोठा वाटा होता. थंडीवर तर वेगळा पेपरच आहे. आता माझ्याकडचे एक काका हॉटेलच्या हीटरवरून रात्री अकराला फोन करतात, रूम थंड आहे, हे काय चाललंय, आणि तेच काका दरवर्षी वारीत पावसात भिजत चालतात आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. विचारलं तर म्हणाले, "अहो तिकडे सगळेच भिजतात की." सगळा पेपर या एका वाक्यात आला!

म्हणून प्रोजेक्टसाठी सीट रोटेशनच घ्यायचं ठरवलंय. रोज जागा बदलणाऱ्या बसमध्ये आणि पहिल्या दिवशीची जागा शेवटपर्यंत ठेवणाऱ्या बसमध्ये लोक एकमेकांशी किती बोलतात, किती ओळखी होतात, तक्रारी कुठे जास्त. प्रोजेक्टच्या गाइड सरांना आवडलंय पण ते म्हणतात कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी जागा न बदलणारी बस, कुठून आणणार, आणि आमच्या ऑफिसला रोटेशन बंद करूया म्हटलं तर ते म्हणाले, पहिल्या रांगेची सीट मागणाऱ्यांचे फोन तू घेणार का.