कार्तिकातलं तळकोकण: जत्रा, दशावतार आणि देवाची राई

तळकोकणात जायचं म्हटलं की लोक आंब्यासाठी मे महिना धरतात. मी म्हणेन, कार्तिक धरा. पाऊस संपलेला असतो, कुणग्यांतलं, म्हणजे शेताच्या तुकड्यांतलं, भात कापून झालेलं असतं, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आज या गावात, उद्या डोंगरापलीकडच्या.

कुडाळला उतरलो आणि एसटीने वेंगुर्ल्याला गेलो. सतराव्या शतकातल्या डच वखारीचे जांभ्याचे पडके भिंतवजा अवशेष पाहिले, बंदरावर संध्याकाळ घालवली. पण मला ओढ होती ती दक्षिणेकडच्या रस्त्याची. वेंगुर्ल्याहून शिरोडा नकाशात अगदी जवळ दिसतो. प्रत्यक्षात रस्ता एकदा सड्यावर चढतो, एकदम मोचेमाडच्या खाडीशी उतरतो, पुन्हा चढतो. सह्याद्रीच्या सोंडा इथे समुद्रापर्यंत आल्यात. दोन सोंडांच्या मध्ये वाळूचा एक किनारा, माडांची रांग, एक वहाळ (ओढा), चार वाड्या आणि एक देऊळ, की झालं गाव. मला वाटतं, इथे प्रत्येक गावाचा देव वेगळा, त्याची तिथी वेगळी, मानकऱ्यांचे मान वेगळे, याचं मूळ या चढउतारांत आहे. रस्ते नव्हते तेव्हा पलीकडचं गाव म्हणजे परमुलूखच असणार.

आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं. पुरुषभर उंचीहून मोठी उभी मूर्ती, समोर नवसाचे केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी इथली श्रद्धा. त्या चपलांसमोर हात जोडून उभी असलेली माणसं पाहताना मला फार बरं वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी रात्रभर पायी हिंडतंय, हा किती मोठा भरवसा आहे! पुढचं शिरोडा म्हणजे 1930च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. मिठागरं पाहून परत फिरलो, कारण रात्री एका लहानशा गावची जत्रा गाठायची होती.

देऊळ रानाच्या पोटात. दिवसभर माहेरवाशिणी ओट्या भरून जात होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना खाजे, शेंगदाण्याचे लाडू, बांगड्या, खेळणी यांची दुकानं. गूळ आणि आल्याचा वास असलेलं ताजं खाजं कागदात बांधून घेतलं. दुकानातल्या काकींनी विचारलं, "खयसून इलास?" मुंबईहून म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न, "धयकालो बघूक थांबतलास मां?" धयकालो म्हणजे दहीकाला, रात्रभर चालणारं दशावताराचं नाटक. थांबणारच होतो.

मध्यरात्रीच्या सुमाराला देवीची पालखी निघाली. ढोल-ताशे, अबदागिरी, देवळाभोवती प्रदक्षिणा, आणि मग गाऱ्हाणं. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवीला एकेक गोष्ट सांगत होता: मुंबईला गेलेली पोरं, शेतीवाडी, गुरंढोरं, आजारपणं. प्रत्येक वाक्यामागे सगळा जमाव एका आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" माझ्याही तोंडून ते कधी निघायला लागलं, कळलं नाही.

त्यानंतर दशावतार. सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग वेद पळवणारा काळा संकासुर येतो आणि थेट मालवणीत बोलायला लागतो. पेंगणारी पोरं खडबडून जागी होतात. विष्णूने त्याला मारलं की मुख्य आख्यान सुरू. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. स्त्रीपात्रं पुरुषच करतात. त्या रात्री राणी झालेल्या नटाने पतिविरहाचं पद म्हटलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आजी पदर तोंडाला लावून रडत होत्या. दिवसा शेतात राबणारा माणूस अंगावर नऊवारी चढवून, स्वतःच रंगवलेल्या चेहऱ्याने पहाटेपर्यंत अस्खलित, संस्कृतप्रचुर मराठी बोलतो! इतकी मोठी कला इतक्या थोड्या साधनांवर उभी असलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पूर्वी नट वेशभूषेच्या सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन रात्रीच्या रात्री डोंगर ओलांडत, आता टेम्पो असतो. पेटाऱ्याची पूजा मात्र आजही होते. उजाडताना दहीहंडी फुटली आणि काला वाटला गेला.

या देवांनी आणखी एक मोठं काम केलंय. देवळामागची राई तोडायची नाही, हा दंडक गावाने पाळला म्हणून आज ती उभी आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याची राई मुद्दाम बघायला गेलो. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आणि वर रानजायफळांचा गच्च मांडव. असं दलदलीतलं जायफळाचं रान महाराष्ट्रात फार दुर्मीळ. 2021 मध्ये ते जैवविविधता वारसास्थळ ठरलं. त्याच वर्षी आंबोलीच्या हिरण्यकेशी देवळाच्या कुंडालाही तोच दर्जा मिळाला, तिथे सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या नव्या माशामुळे. सरकारी शिक्का आता बसला, पण राखण कितीतरी आधीपासून चालू आहे. राईत गेलात तर पान तोडू नका, चपला बाहेर काढा, आणि आधी गावात विचारा.

जायचं असेल तर सावंतवाडी किंवा कुडाळ स्टेशन सोयीचं. जत्रांच्या तारखा तिथीवर ठरतात, त्यामुळे दरवर्षी बदलतात. स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलंत तर आज रात्री कुठे जत्रा आणि कुठल्या दशावतारी कंपनीचं नाटक, दोन्ही सांगेल. शेवटची एसटी लवकर सुटते, तेव्हा परतीच्या रिक्षाचं आधीच बोलून ठेवा. बसायला सतरंजी आणि पहाटेच्या गारठ्यासाठी शाल घ्या. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊली देवीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या लगोलग असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.