नको तिथे बसणारा राघू

पोपटाबद्दलचं आपलं सगळं बोलणं त्याच्या चोचीभोवती फिरतं. पोपटपंची काय, घोकंपट्टी काय. त्याच्या पायांची दखल भाषेनं घेतलेली नाही. पण मोकळा पोपट वावरत असलेल्या घरात विचारा: तो काय बोलतो यापेक्षा कुठे बसतो, याचीच धास्ती जास्त. पडद्याची दांडी, टीव्हीची वरची कड, फ्रिजचा माथा, देव्हाऱ्याचा कळस, उघड्या दाराची धार आणि घरात कुणाला टक्कल असेल तर तेही.

इथे पोपट म्हणजे कॉकाटील, कोन्युअर ही परदेशी मंडळी. गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा राघू पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्याची जागा बाहेरच्या झाडावर.

उंचावर बसून पोपट मालकावर कुरघोडी करतो, अशी एक समजूत अजून टिकून आहे. ती सोडून द्यावी. तो स्वतः कुणाचं तरी भक्ष्य असलेला पक्षी. उंचावरून चारही बाजू दिसतात, एवढंच त्याला पुरतं. सत्ता नको असते, मांजर आधी दिसायला हवी असते. म्हणून ‘नको’ म्हणून उपयोग होत नाही. बोलणारा असेल तर तो स्वतःच ‘नको, नको’ म्हणत दांडीवर जाऊन बसेल. त्याला ‘तिथे नको’ शिकवता येत नाही. ‘इथे बस’ शिकवता येतं.

हे ‘इथे’ आधी घरात असायला हवं. पेरूची किंवा कडुलिंबाची, औषध न फवारलेली फांदी धुऊन, कडक उन्हात वाळवून स्टँडवर बसवावी. कॉकाटीलला दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची, कोन्युअरला किंचित जास्त. सरळसोट गुळगुळीत दांडा नको. एकाच जागी दाब येऊन तळवे दुखावतात, गाठीगाठींची फांदी बरी. कण्हेर मात्र विषारी, तिला हात लावू नये. उंची उभ्या माणसाच्या खांद्याइतकी आणि जागा माणसं बसतात त्या खोलीत. थव्यानं राहणारा जीव बाल्कनीच्या कोपऱ्यात एकटा का बसेल? खाली वर्तमानपत्र अंथरावं, कारण दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट पडणारच.

खाऊ एकच ठरवावा आणि तो वाटीतून बंद करावा: कॉकाटीलला राळ्याच्या कणसाचा तुकडा, कोन्युअरला सूर्यफुलाची बी. त्याच्या जेवणाआधी पाच मिनिटं शिकवणी, दिवसातून दोन-तीनदा, एवढंच. पहिले दोन दिवस तो फांदीवर असताना नुसता खाऊ द्यायचा. मग आईस्क्रीमच्या काडीच्या टोकाला चोच लावायला शिकवायचं. ते जमलं की काडी फांदीपाशी धरून त्याला वीतभरावरून बोलवायचं, मग हातभरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाहून. दोनदा चुकला तर अंतर निम्मं करावं. शेवटी वेळ ताणायची: पाच सेकंद, दहा, मध्येच पुन्हा तीन, मग अर्धा मिनिट. दर वेळी वाढतच गेली तर तो कंटाळून उडतो.

खरी गंमत पुढे. पक्षी दांडीवर गेला की घरातलं कुणीतरी बी दाखवून त्याला खाली बोलावतं. तो येतो, बी मिळते. चार दिवसांत त्याचा हिशेब पक्का: दांडीवर जा, माणूस धावत येतो, बी देतो. पोपट कोणाचा झाला, हे सांगायला नको. त्याला गाजावाजा न करता उतरवावं, काडीला चोच लावणं, एका हातावरून दुसऱ्या हातावर येणं अशी दोन किरकोळ कामं करून घ्यावीत, मग फांदीवर पाठवून तिथे बी द्यावी. आणि न सांगता आपणहून फांदीवर जाऊन बसला, तर बक्षीस घसघशीत.

ओरडण्यानं काही साधत नाही. त्याला वाटतं, थवा साथ देतोय. पाण्याचा फवारा मारला तर तो जागेला नाही, फवारा धरणाऱ्या हाताला घाबरतो, वर आंघोळीलाही बिचकायला लागतो. आणखी एक घात म्हणजे रविवारी आजोबा कौतुकानं टीव्हीवर बसू देतात. अधूनमधून फळणारी सवय सगळ्यांत चिवट. त्यातून फ्रिजवर काहीच मिळेनासं झालं की काही दिवस तो मुद्दाम जास्त जातो, किंचाळतो. बहुतेक घरं नेमकी इथेच हार मानतात.

जागाही बेचव करता येतात. दांडीत पुठ्ठ्याची रुंद नळी सैल ओवली की ती पायाखाली फिरते, बसायला मजा येत नाही. कपाटावर छतापर्यंत तिरका पुठ्ठा लावावा. तिथल्या अंधाऱ्या फटीत तो कागद कुरतडत असेल तर ते बसणं नव्हे, घरट्याची तयारी आहे. फट बुजवणं हाच उपाय.

काही जागा मात्र शिकवणीवर सोडू नयेत. पंखा बंद केल्यावरही काही वेळ फिरतच असतो. पाती पूर्ण थांबल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही, बटणावर चिकटपट्टी लावायची. थांबलेल्या पात्यावरही बसू द्यायचं नाही. बटण चालू आहे की बंद, हे त्याला कळत नाही. स्वयंपाकघराचं दार लावलेलं असावं: शेगडी तर आहेच, पण नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याची वाफ पक्ष्याचा जीव घेते, कधी कधी दुसऱ्या खोलीतल्यासुद्धा. दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेलची घडी टाकावी, म्हणजे वाऱ्यानं दार आपटलं तरी पाय चिरडत नाहीत.

राहिलं टक्कल. पक्षी येताना दिसला की मान खाली घालून मनगट पुढे करायचं, मनगटावर उतरला तर बी, डोक्यावर उतरला तर काहीच नाही. आणि बाकीच्यांनी हसायचं नाही.